प्रदर्शनाची कालवड आजपासूनच चालायला शिकवा

प्रदर्शनांचा हंगाम तीन महिन्यांवर आला असेल, तर तयारीला लागायची वेळ हीच. शेवटच्या आठवड्यात धुऊन-पुसून, केस कापून जनावर देखणे करता येते. पण माणसासोबत चालायला ते आठ दिवसांत शिकत नाही. आणि हाताळणीच्या स्पर्धेत परीक्षक नेमके तेच बघतो. एरवी प्रदर्शनात गुण मिळतात ते जनावराच्या बांध्याला, इथे मिळतात ते दोरी धरणाऱ्याला. म्हणून साधारण बांध्याची कालवडही इथे पहिली येऊ शकते, आणि गोठ्यातली सगळ्यात देखणी गाय शेवटच्या रांगेत उभी राहू शकते.

निवड करताना स्वभाव आधी बघा. दोरी लहान मुलाच्या हातात राहणार असेल, तर त्याच्या ताकदीला झेपेल अशीच कालवड घ्या. अंगाने मोठी, हट्टी गाय मुलाच्या हाती देऊ नये, मग ती कितीही जातिवंत असो.

मोहरकी, म्हणजे जनावराच्या तोंडाभोवती बांधून दोरीने चालवायचा साज, चढवताना नाकावरचा पट्टा डोळ्यांच्या जरा खाली, नाकाच्या हाडावर बसला पाहिजे. तो घसरून नाकपुड्यांजवळच्या मऊ भागावर आला की श्वास कोंडतो आणि जनावर बिथरते. पुष्कळ कालवडी ‘मारकुट्या’ म्हणून बदनाम होतात, त्यामागे एवढेच कारण असते. दोरी हनुवटीखालून डाव्या बाजूला निघाली पाहिजे. पहिला आठवडा रोज वीस-तीस मिनिटे नुसते बांधून ठेवा. बांधायचे डोक्याच्या उंचीवर, दोरी आखूड ठेवून, आणि एका झटक्यात सुटेल अशा गाठीने. या काळात जवळून हलू नका. खरारा करा, पाठीवरून, पोटाखालून, पायांवरून हात फिरवा, बोलत राहा. धडपड थांबून ती शांत उभी राहिली, की मगच सोडा. धडपडत असताना सोडलेत, तर धडपडले की सुटका होते एवढेच ती शिकेल.

दुसऱ्या आठवड्यापासून चालवा. सुरुवातीला पाण्याकडे किंवा गव्हाणीकडे न्या, म्हणजे तिला पुढे जायला कारण असते. दोरीला हलका ताण द्या आणि तिने एक पाऊल टाकले की त्याच क्षणी ताण सोडा. सगळे शिक्षण या सोडण्यात आहे. सतत ओढत राहिलात तर ती मागे रेटायला शिकते, आणि रेटारेटीत माणूस कधीच जिंकत नाही. रोजची पंधरा-वीस मिनिटे आठवड्यातून एकदाच्या दोन तासांपेक्षा कितीतरी जास्त कामाची.

दोरी हाताला कधीही गुंडाळू नका. उरलेली दोरी घड्या घालून मुठीत धरा, म्हणजे जनावर उधळले तरी हात मोकळा होतो. सुरुवातीच्या काळात मी मनगटाला दोन वेढे घेतले होते. मागे पत्रा वाजला, कालवड सुटली आणि मी तिच्यामागे गोठ्याच्या दारापर्यंत फरफटत गेलो. दोन बोटे कित्येक आठवडे मिटत नव्हती. घरातल्या मुलाच्या हाती दोरी देण्याआधी हे त्याला दहा वेळा सांगा.

गुराचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असतात. त्यामुळे त्याला जवळजवळ चहूकडचे दिसते, फक्त थेट मागचे दिसत नाही, आणि खोलीचा अंदाज मात्र कच्चा असतो. जमिनीवरची गडद सावली त्याला खड्ड्यासारखी वाटते. म्हणून मागून गुपचूप जाऊ नका, आणि सरावाची जागा बदलत राहा. कधी सावलीतून चालवा, कधी फडफडत्या कापडाजवळून, कधी लाउडस्पीकरच्या आवाजात. अनोळखी माणसाला तिच्या बरगड्यांवर आणि पुठ्ठ्यावर हात ठेवायला सांगा, कारण परीक्षकही तेच करणार आहे. वळवताना शक्यतो उजवीकडे, म्हणजे तुमच्यापासून दूर वळवा. स्वतःकडे वळवलेत तर तिचे खूर तुमच्या पायावर येतात.

आता उभे राहण्याचे. बहुतेक ठिकाणी रिंगणात घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरतात, परीक्षक मधे असतो आणि तुम्ही जनावराच्या डाव्या बाजूला. म्हणजे परीक्षक आणि जनावर यांच्यामध्ये तुम्ही येत नाही. या मांडणीमागचे कारण मुलांना समजावून सांगितले, की बाकीचे नियम पाठ करावे लागत नाहीत. परीक्षकाला आडोसा होईल असे उभे राहायचे नाही, बस. पुढचे दोन्ही पाय सरळ एका रेषेत हवेत, आणि जमीन उताराची असेल तर ते किंचित उंचवट्यावर. कालवडीचा परीक्षकाकडचा मागचा पाय दुसऱ्यापेक्षा थोडा मागे ठेवा. दुभत्या गाईचे पाय असे ठेवा, की कासेचा पुढचा आणि मागचा भाग दोन्ही उघडे दिसतील. परीक्षक दुसऱ्या बाजूला गेला की पाय बदला, तोही गडबड न करता. मागचा पाय पुढे हवा असेल तर मोहरकी हलकेच पुढे घ्या. मागे हवा असेल तर मोहरकी मागे रेटून फऱ्याच्या, म्हणजे पुढच्या पायावरच्या खांद्याच्या, टोकावर बोटांनी दाबा. गोठ्यात रोज सरावाने हे जमले की रिंगणात वाकून पाय धरून ओढायची वेळ येत नाही. मांसाच्या जातींत पाय लावायला काठी वापरतात. ती खुरांच्या बेचक्यात हलकी टेकवायची किंवा पोटाखाली घासून जनावराला शांत करायला वापरायची. मारायला नव्हे.

आपल्या जनावरात काय चांगले आणि काय उणे, हे प्रामाणिकपणे ओळखा. अमेरिकेत दुधाळ गाईंसाठी जी एकत्रित गुणपत्रिका वापरतात, तिच्यात 100 पैकी 40 गुण कासेला, 25 दुग्धक्षमतेच्या लक्षणांना, 20 मागच्या पायांना आणि खुरांना, तर 15 शरीराच्या चौकटीला आहेत. म्हणजे उंच, भारदस्त गाय बघून आपण हरखतो, पण परीक्षकाची नजर आधी कासेवर जाते. पाठीत किंचित बाक असेल तर उभे करताना डोके थोडे वर घ्या आणि पाठीच्या कण्यावर बोटांनी दाबून तिला सरळ उभे राहायला लावा. उणीव झाकणे हा हाताळणीचाच भाग आहे, त्यात लबाडी नाही.

लबाडी कशात आहे, तेही स्पष्ट सांगतो. कास भरगच्च दिसावी म्हणून दूध तासन्‌तास न काढणे म्हणजे गाईचा छळ आहे. सड ताणलेले, कास दगडासारखी, गाय पाय फाकवून उभी, हे दृश्य बघवत नाही. पुष्कळ प्रदर्शनांत याला बंदी आहे, आणि नसेल तरी करू नका. नळीने पोटात पाणी भरणे, शांत राहावी म्हणून औषध टोचणे, हेही त्यातलेच. कोणतेही औषध चालू असेल तर त्याचा दूध आणि मांसाचा निषिद्ध काळ (औषधानंतर जितके दिवस ते वापरायचे नसते तो) संपल्याखेरीज जनावर नेऊ नये.

खुरे प्रदर्शनाच्या किमान तीन आठवडे आधी कापून घ्या. कापल्यावर काही दिवस चाल अवघडते, ती निवळायला वेळ हवा. लसीकरणही तेवढेच आधी, पशुवैद्यकाला विचारून. नायटा, चामखिळी, गोचीड यांची तपासणी आत्ताच करा, कारण नायटा असलेले जनावर दारातूनच परत पाठवतात आणि तो बरा व्हायला आठवडे लागतात.

खुराकात शेवटच्या पंधरवड्यात काहीही नवीन नको. घरचीच वैरण आणि पेंड बांधून न्या. परक्या पाण्याला गुरे तोंड लावत नाहीत, म्हणून आठवडाभर आधीपासून पाण्यात थोडी गुळाची मळी घालायची सवय लावा आणि तिथेही तेच करा. चव ओळखीची लागली की ती पिते. उन्हाळ्यातले प्रदर्शन असेल तर पाण्याकडे विशेष लक्ष हवे. जास्त दुधाची गाय कडक उन्हाच्या दिवशी 100 लिटरहून अधिक पाणी पिऊ शकते, आणि तापमान-आर्द्रता निर्देशांक (उष्णता आणि दमटपणा मिळून काढलेला आकडा) 68 च्या वर गेला की उष्णतेचा ताण सुरू होतो. सराव पहाटे किंवा दिवस कलल्यावर करा. थंडीत मात्र अंग पुरते कोरडे करता येणार असेल तरच धुवा.

केस कापणे हा हाताचा सराव आहे, पहिला प्रयोग प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी नको. डोके, मान, पोट आणि कास आखूड कापा. पाठीच्या रेषेवरचे केस मात्र थोडे लांब ठेवून सरळ रेषेत छाटा, शेपटीचा गोंडा धुऊन विंचरा.

रिंगणात एक डोळा जनावरावर, एक परीक्षकावर. पुढच्या जनावराशी एका जनावराएवढे अंतर राखा. परीक्षक लांब असला तरी हलगर्जी उभे राहू नका, तो कधी वळून बघेल सांगता येत नाही. जन्मतारीख, आई-बाप, व्यायल्याची तारीख, कितवे वेत, गाभण असेल तर कधीची, हे सगळे तोंडपाठ हवे. काही परीक्षक दोन स्पर्धकांना जनावरे बदलायला लावतात. अनोळखी गाय हाती आली की आधी मानेवर हात ठेवा, दोन क्षण थांबा, मग चालवा. आपली उधळली तर ओरडू नका, दोरी धरून गोल फिरवा आणि पुन्हा रांगेत या. सगळ्यांच्या देखत शांतपणे सावरलेले जनावर परीक्षकाच्या लक्षात राहते.

परत आल्यावर तिला थेट कळपात सोडू नका. गर्दीतून लाळ्या-खुरकूत किंवा श्वसनाचे रोग बरोबर येऊ शकतात. तीन आठवडे वेगळे बांधा, तिची बादली, खरारा आणि मोहरकी वेगळी ठेवा, रोज ताप बघा आणि गोठ्यातल्या बाकीच्या गुरांचे काम आटोपल्यावर सगळ्यात शेवटी तिच्याकडे जा.