मराठी जाहिरात-मेल बिघडू नये म्हणून या चुका टाळा

ठाण्यात गोखले रोडवरच्या साडीच्या दुकानाने पाठवलेला पाडव्याच्या सवलतीचा मेल एखादी ग्राहक दिवसा ऐरोलीच्या कार्यालयात संगणकावरील आउटलुकमध्ये उघडते, तर दुसरी संध्याकाळी वाशी-ठाणे लोकलमध्ये मोबाइलवरील जीमेलमध्ये. ब्राउझरमध्ये नेटका दिसलेला मेल या दोन ठिकाणी निरनिराळ्या कारणांनी मोडतो.

विंडोजवरील क्लासिक आउटलुक 2007च्या आवृत्तीपासून एचटीएमएल (मेलची मांडणी लिहिण्याची भाषा) दाखवण्यासाठी वर्डचे इंजिन वापरत आले आहे. त्याला फ्लेक्सबॉक्स आणि ग्रिड या मांडणीच्या नव्या पद्धती कळत नाहीत, त्यामुळे मांडणी जुनाट वाटली तरी टेबलांवरच, साधारण 600 पिक्सेल रुंदीत करावी. चित्राची रुंदी केवळ सीएसएसमध्ये (रंग-आकार ठरवणाऱ्या शैलीच्या नियमांत) दिल्यास साडीचा मोठा फोटो मूळ आकारात पसरून शेजारचा मजकूर ढकलतो. ती एचटीएमएलमधील चित्राच्या खुणेत, म्हणजे इमेज टॅगच्या विड्थमध्येही लिहावी.

छापील पत्रकाचे जेपीजी तसेच चिकटवून मेल पाठवण्याची सवय मात्र सर्वांत घातक आहे. आउटलुक अनोळखी प्रेषकाची चित्रे बहुधा अडवून धरते आणि वाचणाऱ्याला रिकामी चौकट दिसते. सवलत, तारीख आणि पत्ता मजकूर म्हणूनच लिहावेत. चित्रांना ऑल्ट मजकूर, म्हणजे चित्र न दिसल्यास त्याजागी दिसणारे शब्द, द्यावेत.

इंग्रजी टेम्प्लेटमध्ये मराठी मजकूर ओतल्यावर खरी पंचाईत होते. ओळीची उंची घट्ट बांधलेली असेल, तर आउटलुकमध्ये वरच्या मात्रा आणि रफार कापले जाऊ शकतात: ‘मुहूर्तावर’ या शब्दातला रफार गेला की ‘मुहूतावर’ उरते. 16 पिक्सेलच्या अक्षराला 26 पिक्सेलची ओळ द्यावी. इंग्रजी मथळ्यांना शोभणारे लेटर-स्पेसिंग (अक्षरांमधले जादा अंतर) देवनागरीत शून्यच ठेवावे, कारण त्याने शिरोरेषेचे तुकडे होतात. आवडीचा वेबफाँट (इंटरनेटवरून आणायचा फाँट) जीमेल उतरवून घेत नाही. म्हणून फाँटच्या यादीत निर्मला यूआय, कोहिनूर देवनागरी आणि नोटो सॅन्स देवनागरी ही उपकरणांत आधीपासून असणाऱ्या फाँटची नावे असावीत.

आकाराचा हिशेबही मराठीत वेगळा आहे. यूटीएफ-8मध्ये (अक्षरे साठवण्याच्या प्रचलित पद्धतीत) देवनागरीचे प्रत्येक चिन्ह 3 बाइट घेते, पण मेल बनवण्याची काही सॉफ्टवेअर ‘म’ऐवजी म असा आकडी संकेत लिहितात आणि तो 7 बाइट खातो. एचटीएमएल सुमारे 102 केबीच्या पुढे गेले की जीमेल उरलेला भाग कापते आणि बहुतेक वेळा सदस्यत्व रद्द करण्याचा दुवाच नजरेआड होतो. सीएसएसचे नियम एकत्र ठेवलेला स्टाइल ब्लॉक फार मोठा झाल्यास जीमेल तो टाकून देते. आवश्यक शैली टॅगमध्येच लिहावी.

चाचणी नमुन्याच्या लॅटिन मजकुरावर करू नये. प्रत्यक्ष मराठी मजकुराचा मेल स्वतःला पाठवून तो क्लासिक आउटलुकमध्ये, चित्रे बंद ठेवून, आधी पाहावा. तरीही मांडणी मोडत असेल, तर खालचे अर्धे विभाग काढून पुन्हा पाठवावा आणि दोषी टेबल सापडेपर्यंत अशीच विभागणी करत जावी.