गार्ड वाटेतून बाजूला झाला की सावध व्हा : अमेरिकन फुटबॉलच्या डिफेन्सिव्ह लाइनवर नव्याने आलेल्यांसाठी

टेक्सासमध्ये हायस्कूल, मग एका डिव्हिजन थ्री (कॉलेज खेळाचा खालचा स्तर) कॉलेजात कधी नोज, म्हणजे सेंटरच्या समोर, तर कधी थ्री-टेक्निक, म्हणजे गार्डच्या बाजूला. माझं करिअर एवढंच, त्यामुळे एनएफएलच्या, म्हणजे तिथल्या व्यावसायिक लीगच्या, गप्पा माझ्याकडून ऐकायला मिळणार नाहीत. डाउन्स, स्टान्स, गॅपची (लाइनमधल्या फटींची) अक्षरं तुम्हाला येतात असं धरून चालतो.

आधी सॅकचं, म्हणजे पास फेकणाऱ्या क्वार्टरबॅकला चेंडू हातात असतानाच पाडण्याचं, वेड कमी करा. एनएफएलने सॅक हा आकडा अधिकृतपणे मोजायला सुरुवात केली ती 1982 पासून. त्याआधी खेळलेल्या डीकन जोन्ससारख्या दिग्गजाचे सॅक अधिकृत यादीत नाहीत, म्हणून काय तो लहान ठरला? तुमचं बहुतेक काम आकड्यांत येणारच नाही. समोरच्या लाइनच्या मधोमधचा सेंटर आणि त्याच्या शेजारचा गार्ड दोघं मिळून तुमच्यावर तुटून पडले आणि तुम्ही जागा सोडली नाहीत, तर मागचा लाइनबॅकर मोकळा धावत येऊन टॅकल करतो. स्पीकरवर नाव त्याचं. कोचला मॅचच्या फिल्ममध्ये सगळं दिसतं. घरच्यांना मात्र हे पटवून देणं अवघड. माझी आई आजही म्हणते, "तू नुसता ढकलाढकली करायचास."

आता ज्यासाठी हे लिहायला बसलो ते. ट्रॅप.

तुम्ही थ्री-टेक्निक, म्हणजे गार्डच्या बाहेरच्या खांद्यावर. एरवी स्नॅप झाला, म्हणजे सेंटरने चेंडू मागे दिला, की गार्ड अंगावर येतोच. पण एका खेळीत तो येत नाही. तुम्हाला न शिवता आत सरकतो, नोजवर किंवा लाइनबॅकरवर जातो, आणि समोर क्वार्टरबॅकपर्यंत मोकळं रान. आजवर पहिल्या पावलाच्या वेगाबद्दल जे जे शिकवलं गेलं ते सगळं सांगतं, घुस! तुम्ही घुसता. दोन पावलं आत गेलात की पलीकडच्या बाजूचा गार्ड सेंटरच्या मागून धावत येतो आणि तुमच्या आतल्या बरगड्यांत खांदा घालतो. तुम्ही बाहेर फेकले जाता, आणि तुम्ही सोडलेल्या जागेतून चेंडू घेतलेला रनिंग बॅक निघून जातो. कबड्डीत चढाईपटू मुद्दाम पाय पुढे ठेवून खेळवतो आणि नवखा कोपरारक्षक त्यावर झडप घालून फसतो, अगदी तसं. यात वाईट हे, की ही खेळी मंद पोराविरुद्ध लावतच नाहीत. तुमचं पहिलं पाऊल जितकं जलद, तितके तुम्ही सोपं सावज. माझा एक अख्खा सीझन यात गेला, आणि दर सोमवारी फिल्म त्याच जागी थांबायची.

उपाय नजरेत आहे. हलायचं चेंडूवर, पण हलताक्षणी नजर गार्डच्या हेल्मेटवर. हेल्मेट आत गेलं तर तुम्हीही आत. त्याच्या बाहेरच्या खांद्यावर हात ठेवून त्याला चिकटून सरका, गॅप आवळा, लाइनच्या पलीकडे एका पावलापेक्षा खोल जाऊ नका. लगेच आतल्या बाजूला बघा, कोणीतरी येतोय. तो आला की उभे राहू नका. त्याच्याहून खाली जा आणि तुमचा बाहेरचा खांदा त्याच्या आतल्या अंगात घाला. भोक बुजतं, बॅकला बाहेर वळावं लागतं, तिथे तुमची माणसं आहेत. काही कोच उलटं सांगतात, आतला खांदा लावा आणि बाहेरचा हात मोकळा ठेवा. तुमच्या कोचचं ऐका. पण पाय लाइनजवळच, हे दोन्हीकडे सारखं. परत सांगतो : कोणी शिवलं नाही, तर थांबा. स्क्रीन पासवरही, म्हणजे तुम्हाला मुद्दाम आत येऊ देऊन डोक्यावरून टाकलेल्या छोट्या पासवरही, हेच. तिथे आधी अडवल्यासारखं करून मग सोडतात, एवढाच फरक.

हे शिकायला पैसे मोजून पास-रशचे ट्रेनर लावू नका. शंकू आणि डमी मांडून व्हिडिओ छान निघतात, पण डमी कधी पुल करत नाही, म्हणजे आपली जागा सोडून लाइनमागून पलीकडे धावत नाही. माझा खरा गुरू आमच्याच टीमचा एक ऑफेन्सिव्ह गार्ड. सरावानंतर त्याने दाखवलं : समोरच्याची जमिनीवर टेकलेली बोटं भाराने पांढरी पडली असतील तर तो पुढे येणार. हात नुसता टेकलेला असेल तर मागे पास अडवायला जाणार किंवा पुल करणार. चांगले गार्ड हे लपवतात, तरी हायस्कूलमध्ये खूप जणांचं दिसतं.

वजनाबद्दल घाबरवणारे भेटतीलच. एनएफएलमध्ये लाइनवरच खेळलेला ॲरन डोनल्ड सहा फूट एक इंच, 285 पौंडांच्या आसपास. लहान आहे म्हणत लोक साशंक होते. 2014 च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे एनएफएलच्या टीम नवे खेळाडू निवडतात त्यात, तेरावा गेला आणि तीनदा वर्षातला सर्वोत्तम डिफेन्सिव्ह खेळाडू ठरला. त्याच जागेवर खेळलेल्या जॉन रँडलला तर 1990 मध्ये कोणी ड्राफ्टही केलं नव्हतं, आणि 2010 मध्ये तो हॉल ऑफ फेममध्ये गेला. मात्र यावर खूश होऊन बसू नका. डोनल्ड त्या वजनाने 40 यार्ड 4.68 सेकंदांत धावला होता. एका उन्हाळ्यात मास गेनरचे डबे रिचवून चढवलेलं वजन पहिलं पाऊल खातं. शिवाय डब्यात बंदी असलेलं काही निघालं तर "मला माहीत नव्हतं" हे एनसीएए (कॉलेजच्या खेळांची संघटना) ऐकत नाही. आधी टीमच्या ॲथलेटिक ट्रेनरला दाखवा.

कॉलेजच्या कॅम्पचं निमंत्रण म्हणजे टीममध्ये घेण्याची ऑफर नव्हे, त्यावर तुमचं नाव छापलेलं असलं तरी. बऱ्याचदा ती फी गोळा करायची सोय असते. सर्वात वरच्या डिव्हिजन वनसाठी हायस्कूलचे 16 कोअर कोर्स (ठरलेले मुख्य विषय) लागतात, त्यातले 10 शेवटच्या वर्षाआधी, म्हणजे हिशेब नववीपासून सुरू. डिव्हिजन थ्रीत खेळासाठी स्कॉलरशिप नसते, पण मार्कांवर आणि घरच्या उत्पन्नावर मदत मिळते. माझी बरीचशी फी तशीच निघाली. आपल्या घरांत मार्कांसाठी जी कटकट होते ती इथे कामाला येते.

डोक्याला मार लागला तर लपवू नका. गरगरलं, उजेड नकोसा झाला, तर बाहेर बसा, मॅच कोणतीही असो. लाइनवर जवळजवळ प्रत्येक स्नॅपला छोटा धक्का बसतोच, त्यात मोठ्याची भर नको. बाकी हा खेळ वाटतो तितका भयंकर नाही, आणि लाइनवरची दोस्ती टिकते.

खेळ थांबला की भूक थांबत नाही, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. शेवटची मॅच झाली त्याच आठवड्यात ताट अर्धं करा आणि पोहायला लागा. धावायला जाऊ नका, त्या वजनाने गुडघे जातात. माझं अजून उतरतंच आहे.