चाळिशीनंतरचा ताण आणि मोटारसायकलवरची सकाळ
नोकरी, घराचे हप्ते आणि आईवडिलांची दुखणी एकदम अंगावर येतात, तेव्हा पुणेकरांनी रविवारी पहाटे पौड, मुळशीमार्गे ताम्हिणी घाटापर्यंत मोटारसायकलने जाऊन यावे. वळणांवर नजर आणि हात गुंतले की मनातली घालमेल मागे पडते. मात्र रागाच्या भरात किंवा अपुऱ्या झोपेनंतर गाडी मुळीच काढू नये. टायर थंड असतानाच हवा तपासावी आणि आयएसआय चिन्हाच्या हेल्मेटचा पट्टा नीट लावावा. वळणाआधीच वेग कमी करून नजर वळण संपते तिथे ठेवावी, आणि उतारावर गाडी न्यूट्रलमध्ये न सोडता खालच्या गिअरमध्ये ठेवावी, म्हणजे इंजिनच वेग आवरते व ब्रेक फार तापत नाहीत. उदासी आठवडेच्या आठवडे हटत नसेल, तर डॉक्टरांना अवश्य भेटावे.