इंग्रजी भाषांतरातून वूश्या खेळ कसा खेळावा

पांढऱ्या दाढीचा गुरू म्हणतो, 'धिस ओल्ड मॅन विल नॉट इंटरफिअर.' नवखा खेळाडू आजूबाजूला दुसरा म्हातारा शोधतो आणि पुढच्या संवादात चुकीचा पर्याय निवडून बसतो. इथे 'धिस ओल्ड मॅन' म्हणजे 'मी'. जुन्या चिनी बोलीत स्वतःला 'मी' म्हणण्याऐवजी वयाप्रमाणे, पेशाप्रमाणे नम्र शब्द वापरतात. 'धिस पुअर माँक' म्हणजेही बोलणारा भिक्षू स्वतः, आणि तो समोरच्याला 'बेनिफॅक्टर' म्हणाला तर तुम्ही त्याच्यावर कुठलेच उपकार केलेले नसतात. कुणाही गृहस्थाला भिक्षू असंच संबोधतात. 'यंग हीरो' हीसुद्धा पदवी नव्हे, नुसता आदर.

वूश्या म्हणजे चिनी तलवारबाजांच्या वीरकथा. त्यांवरचे खेळ इंग्रजीत खेळताना अडचण शत्रूंपेक्षा अशा शब्दांची जास्त होते. उदाहरणासाठी 'वाँडरिंग सोर्ड' घेऊ. द सोर्डमन स्टुडिओने केलेला हा खेळ सप्टेंबर २०२३ मध्ये स्टीम या संगणकखेळांच्या ऑनलाइन दुकानात आला. नायकाचं नाव युवेन यी. एका वैरात सापडून तो मरता मरता वाचतो आणि वूडांग या युद्धकला शिकवणाऱ्या पंथाच्या आश्रयाला येतो. 'युवेन' हे जोड आडनाव आहे आणि चिनीत आडनाव आधी येतं, म्हणून 'मिस्टर यी' असं कुठे दिसलं तर ती भाषांतराची चूक समजा.

सुरू करण्यापूर्वी नावांचे उच्चार बसवून घ्या, म्हणजे वीस-पंचवीस पात्रं डोक्यात वेगळी राहतात. इथे मराठी माणसाला इंग्रजी वाचकापेक्षा सोपं जातं. रोमन लिपीतला क्यू म्हणजे 'छत्री'तला छ. एक्स म्हणजे 'शिडी'तला श. जे म्हणजे जवळजवळ 'चिमणी'तला च. झेड म्हणजे 'चाक' आणि 'चूल' यांतला दंत्य च, आणि सी म्हणजे तोच च श्वास सोडून म्हटलेला. इंग्रजीत हा फरक अक्षरांनी दाखवता येत नाही, आपल्याकडे तो रोजच्या बोलण्यात आहे. आता नेहमी लागणारे शब्द: 'छी' म्हणजे प्राणशक्ती, 'नेइगोंग' म्हणजे ती आत साठवण्याची साधना, 'छिंगगोंग' म्हणजे अंग हलकं करून छपरांवरून धावण्याची कला. भाषांतरात याच गोष्टी 'इंटर्नल आर्ट', 'इनर स्किल', 'लाइटनेस स्किल' अशा बदलत्या नावांनी येतात. वहीच्या एका पानावर मूळ उच्चार आणि त्यापुढे दिसलेली सगळी इंग्रजी नावं लिहीत चला. एकाच विद्येला पुस्तकावर एक नाव आणि यादीत दुसरं असेल तर चित्र जुळवून पाहा. चित्र सहसा बदलत नाही.

नाती हा सगळ्यात मोठा सापळा. 'सीनियर ब्रदर' म्हणजे थोरला गुरुबंधू, पण थोरलेपण वयावर नसून पंथात आधी कोण आलं यावर ठरतं. वीस वर्षांचा तरुण तीस वर्षांच्या माणसाचा थोरला गुरुबंधू असू शकतो. 'मार्शल अंकल' म्हणजे गुरूचा गुरुबंधू. 'कझिन' दिसला की थांबा: चिनीत चुलत बहीण वेगळी आणि मामे-आते-मावसबहीण वेगळी, आपल्यासारखीच. चुलत भावंडांचं आडनाव एकच असल्यामुळे त्यांचं लग्न होत नसे, मामे-आते भावंडांचं मात्र होत असे. त्यामुळे एखादा नायक 'कझिन'साठी झुरताना दिसला तर ती मामेबहीण किंवा आतेबहीण समजून कथा वाचा, गुंता लगेच सुटतो.

शस्त्रांत 'सोर्ड' म्हणजे ज्येन, सरळ आणि दुधारी. 'सेबर' किंवा 'ब्लेड' म्हणजे ताओ, एकधारी. दोन्ही आपल्या लेखी तलवारीच, पण खेळात त्या दोन वेगळ्या शाखा आहेत. एकीची विद्या दुसरीला चालत नाही. नवं शस्त्र घेण्याआधी त्याच्या वर्णनातला प्रकार वाचा, नुसत्या नावावर जाऊ नका.

आता गुणांकडे. मार्शल पॉइंट विद्या वाढवण्यासाठी आणि मेरिडियन पॉइंट नाड्या उघडण्यासाठी, असे दोन वेगळे साठे असतात. मेरिडियन म्हणजे शरीरातल्या प्राणवाहिन्या, आणि त्यांवरची ठिकाणं म्हणजे आपली मर्मं. 'सील्ड अक्युपॉइंट' लिहून आलं की वर्मी बोट लागून पात्र थिजलं आहे असं समजा. 'रेन' ही शरीराच्या पुढच्या मध्यरेषेवरची वाहिनी, 'तू' पाठीमागची. त्या इंग्रजीत कन्सेप्शन आणि गव्हर्निंग या नावांनीही येतात. सुरुवातीला सगळ्यात जास्त नुकसान होतं ते गुण विखुरल्याने. चार शस्त्रांच्या सहा विद्या थोड्या थोड्या वाढवल्या तर एकही कामाची राहत नाही. एक शस्त्र धरा. त्यातली एक अनेक शत्रूंवर एकदम मारा करणारी विद्या, एक नेइगोंग आणि एक छिंगगोंग, एवढ्यांवर खर्च करा. तिसऱ्या-चौथ्या पंथाची चांगली विद्या मिळाली तरी आधीची पूर्ण होईपर्यंत ती नुसती जवळ ठेवा.

लढाई क्रमाक्रमाने किंवा वाहत्या वेळात, दोन्ही प्रकारे खेळता येते. भाषांतर वाचायला वेळ लागत असेल तर क्रमाक्रमाचीच निवडा. 'फायर डिव्हिएशन'सारखा नवा शब्द आला (म्हणजे साधना उलटून मती फिरणं), तर घाई न करता वर्णन वाचता येतं.

माणसं जोडण्यासाठी भेटवस्तू द्याव्या लागतात. भेट देण्याआधी सेव्ह करा, एकच वस्तू द्या, अफिनिटीचा, म्हणजे जवळिकीचा, आकडा किती वाढला ते पाहा, वहीत टिपा, आणि वाढ नगण्य असेल तर सेव्ह परत उघडा. मोठ्या निर्णयाआधी वेगळ्या जागी सेव्ह ठेवा, कारण शेवट एकाहून अधिक आहेत आणि काही कामं कथा पुढे सरकली की बंद होतात.

संवाद भराभर पुढे ढकलू नका, कारण कामांच्या यादीत पुष्कळदा एकच ओळ उरते. शंका आली की स्टीमवर एफ १२ दाबून चित्र घ्या. चिनी वाक्यात कर्ता गाळतात, भाषांतरकार तो अंदाजाने भरतो, म्हणून 'ही', 'शी' आणि 'आय' यांची अदलाबदल होते. बोलणाऱ्याचा चेहरा पाहूनच अर्थ लावा. वेळेचे शब्दही जपा. दिवसाचे बारा प्रहर, प्रत्येक दोन तासांचा. 'झी अवर' म्हणजे रात्री ११ ते १, त्यामुळे त्या वेळेला बोलावलेल्या माणसाला दुपारी शोधून तो सापडणार नाही.

एवढं करूनही एखादं वाक्य लागलं नाही, किंवा चौकटीत न मावल्यामुळे अर्धवट कापलं गेलं, तर सेव्ह करून भाषा सरलीकृत चिनी करा. काही खेळांत ती सेटिंगमध्ये बदलते. काहींत स्टीमच्या लायब्ररीत खेळावर उजवी क्लिक करून प्रॉपर्टीजमध्ये जावं लागतं. तोच संवाद पुन्हा उघडा, फोनच्या कॅमेऱ्याने भाषांतर करून पाहा आणि परत इंग्रजीवर या.