सरकारी कंत्राटांच्या कायद्यात काम करायचंय? कोर्सच्या आधी एक आख्खं टेंडर वाचा

एलएलबी झालेले किंवा सिव्हिल करून काही वर्षं साईटवर काढलेले बरेच जण विचारतात की टेंडर आणि सरकारी कंत्राटांच्या कायद्यात यायचंय, कोर्स कुठला करू. मी पुण्यात वकिली करते, जास्त करून छोट्या ठेकेदारांची कामं, आणि माझं सरळ मत आहे की कोर्स कराच, पण त्याआधी महाटेंडर्सवरून, म्हणजे राज्य सरकारच्या ई-टेंडर पोर्टलवरून, आपल्याच तालुक्यातलं एखादं टेंडर उतरवून घ्या, रस्ता असो नाहीतर शाळेच्या खोल्या, आणि पहिल्यापासून शेवटच्या पानापर्यंत वाचून काढा. बी-१ आहे की बी-२, म्हणजे अंदाजपत्रकावर टक्क्यात बिलो-अबोव्ह (कमी-जास्त) भरायचंय की प्रत्येक आयटमचा दर द्यायचाय, ईएमडी (टेंडरसोबत भरायची बयाणा रक्कम) किती, पात्रतेच्या अटी काय, प्री-बिड मीटिंगनंतर (टेंडर भरायच्या आधीची शंकांची बैठक) शुद्धिपत्रक निघालं का, आणि दोन कागदांत वेगवेगळं लिहिलं असेल तर कुठला कागद धरायचा. पुढे जे वाद येतात त्यातले निम्मे तरी या पानांतच दडलेले असतात.

नवीन माणूस एक गोष्ट शोधत बसतो ती म्हणजे खरेदीचा कायदा. केंद्राचा असा एकच कायदा नाहीये. २०१२ मधे सार्वजनिक खरेदी विधेयक लोकसभेत आलं होतं पण ते लॅप्स झालं. त्यामुळे सामान्य वित्तीय नियम २०१७, वित्त मंत्रालयाची मॅन्युअल्स, दक्षता आयोगाची परिपत्रकं आणि जेमच्या (केंद्राचं ऑनलाईन खरेदी पोर्टल) अटी असं सगळं एकत्र ठेवून वाचावं लागतं. तामिळनाडूत १९९८ चा कायदा आहे, कर्नाटकात १९९९ चा, राजस्थानात २०१२ चा, पण आपल्याकडे महाराष्ट्रात कार्यालयीन खरेदीसाठी मुख्यतः उद्योग विभागाचा १ डिसेंबर २०१६ चा जीआर. तो मराठीत आहे, वाचायला सोपा आहे, तिथून सुरुवात करा. वित्तीय नियमांतला नियम १४४ मात्र पाठच करा, काटकसर, पारदर्शकता, पुरवठादारांना समान वागणूक आणि स्पर्धा, सगळं त्यातच आहे.

केसेसमधे पहिली रमणा शेट्टी विरुद्ध विमानतळ प्राधिकरण, १९७९, आपल्या मुंबई विमानतळाचीच. सेकंड क्लास रेस्टॉरंट आणि दोन स्नॅक बारचं टेंडर, अट होती की नोंदणीकृत सेकंड क्लास हॉटेलवाला पाहिजे, पाच वर्षांचा अनुभव असलेला. काम मिळालं ते कँटीन चालवण्याचा अनुभव असलेल्याला. सुप्रीम कोर्टाने म्हटलं की सरकारी संस्थेने स्वतः घातलेली अट तिच्यावर बंधनकारक आहे, मनाला येईल तेव्हा ती सोडता येणार नाही, नाहीतर राज्यघटनेच्या कलम १४ चा, म्हणजे समानतेच्या हक्काचा भंग. आणि तरीही या निवडीविरुद्ध कोर्टात गेलेल्या शेट्टीला दिलासा मिळाला नाही, कारण तो उशिरा आला आणि त्याचा स्वतःचा खरा हितसंबंध दिसला नाही! हा दुसरा भाग लोक वाचतच नाहीत, आणि अशील ऑफिसात येतो तेव्हा खरा प्रश्न तोच असतो, की वर्क ऑर्डर निघून किती दिवस झाले आणि इतके दिवस तुम्ही काय करत होतात. त्यानंतर टाटा सेल्युलर, १९९४, म्हणजे कोर्ट निर्णय कसा घेतला ते तपासतं, कोर्ट स्वतः टेंडर कमिटी होत नाही.

आता रोजच्या कामातलं सांगते. जागा ताब्यात मिळाली नाही, झाडं तोडायची परवानगी अडकली, ड्रॉइंग उशिरा आलं, म्हणून ठेकेदार मुदतवाढ मागतो. खात्याकडून तयार मजकूर येतो की या मुदतवाढीपोटी कुठलीही नुकसानभरपाई मागणार नाही, आणि रनिंग बिल (काम चालू असतानाचं बिल) अडू नये म्हणून तो सही करून मोकळा होतो. नंतर लवादात हाच एक कागद त्याच्यासमोर ठेवला जातो. खात्याच्या बाजूनेही तसंच, उशिराचं काम स्वीकारताना भरपाईचा हक्क राखून ठेवल्याचं कळवलं नसेल तर दंड टिकवणं अवघड जातं. करार कायदा १८७२ चं कलम ५५ (वेळेत काम न होणं) आणि ७४ (करारात ठरवलेली भरपाई) याच्याशी जोडून वाचा. हिंड्रन्स रजिस्टर (कामातल्या अडथळ्यांची नोंदवही), मोजमाप पुस्तिका, साईट ऑर्डर बुक हे काय असतं, त्यात कोण लिहितं, कोण सही करतं हे बघायला सहा महिने एखाद्या ठेकेदाराच्या ऑफिसात बसा, पगार कमी मिळाला तरी चालेल, हे वर्गात बसून शिकता येत नाही.

कोर्सचं म्हणाल तर सरकारी नोकरीत असाल तर फरीदाबादच्या अरुण जेटली राष्ट्रीय वित्तीय व्यवस्थापन संस्थेत सार्वजनिक खरेदीचे प्रशिक्षण वर्ग होतात, ऑफिसातून नाव पाठवायला सांगा. बाहेरच्यांसाठी जागतिक बँकेचा ऑनलाईन सर्टिफिकेट कोर्स आहे, पाया पक्का होतो, पण त्यात बी-१ फॉर्म नाही भेटणार.

आणि जुन्या नोट्सवर विसंबू नका, हे क्षेत्र परिपत्रकांवर चालतं. ३ जून २०२४ ला वित्त मंत्रालयाने सांगितलं की केंद्राच्या खरेदी करारांत लवादाचं कलम सरसकट घालू नका, साधारण १० कोटींच्या आतल्या वादांपुरतंच ठेवा. त्यामुळे आता करार हातात आला की वाद निवारणाचं पान आधी उघडा, लवाद आहे की मध्यस्थी आहे की थेट कोर्ट, आणि अशिलाला ते टेंडर भरायच्या आधीच सांगा.