पहिल्या ग्रँटच्या वाटेवरचे सर्जन-संशोधक: या चुका टाळा

तरुण सर्जनचा ग्रँटसाठीचा, म्हणजे संशोधन-निधीसाठीचा, पहिला अर्ज नाकारला गेला की तो आपल्या विज्ञानातच खोट शोधत बसतो. खोट पुष्कळदा त्याच्या वेळापत्रकात असते.

सगळ्यांत महागात पडते ती संशोधनाच्या वेळेची तोंडी बोलणी. "आठवड्यातले दोन दिवस तुझे," असं विभागप्रमुख मनापासून म्हणतात. मग इमर्जन्सी येते, सहकारी रजेवर जातो, ऑपरेशनची यादी लांबते आणि बळी जातो लॅबच्या दिवसांचा. म्हणून नेमणूकपत्रातच लिहून घ्या: दिवस कोणते, त्या दिवशी ऑन-कॉल नाही आणि वॉर्ड कोण बघणार. अमेरिकेत एनआयएच या वैद्यकीय संशोधनाला निधी देणाऱ्या सरकारी यंत्रणेच्या के-०८ आणि के-२३ या, संशोधक म्हणून घडू पाहणाऱ्या डॉक्टरांसाठीच्या, ग्रँटमध्ये ७५ टक्के वेळ संशोधनाला द्यावा लागतो. एनआयएचमधल्या काही संस्था सर्जनना ५० टक्क्यांपर्यंत सूट देतात, कारण हाताचा सराव तुटून चालत नाही. अशी सूट मिळेल का, हे अर्ज लिहायला घेण्याआधीच विचारा. वेळ आधीच हातातून निसटत असेल, तर महिनाभर नोंद ठेवा: लॅबमधून कधी बोलावलं, कशासाठी, किती तास गेले. नुसत्या तक्रारीपेक्षा हा कागद विभागप्रमुखांसमोर जास्त बोलतो.

मार्गदर्शक म्हणून फक्त नामवंत सर्जन धरणं, ही दुसरी चूक. कॅनडाचे फ्रेडरिक बँटिंग सर्जन होते; १९२१ मध्ये टोरांटोत त्यांना प्रयोगशाळा आणि चार्ल्स बेस्ट हा सहायक मिळाला तो शरीरक्रियाशास्त्रज्ञ मॅक्लिऑड यांच्यामुळे. त्यातून इन्सुलिन हाती आलं. पण श्रेयावरून बँटिंग आणि मॅक्लिऑड यांच्यात कटुता आली आणि १९२३ चं नोबेल दोघांना मिळूनही ती मिटली नाही. तेव्हा शोधनिबंधावर कोणाचं नाव कुठे आणि पुढे स्वतंत्रपणे कोणता प्रश्न तुमचा, हे पहिल्या काही भेटींतच ठरवा. मार्गदर्शकाच्या जुन्या विद्यार्थ्यांशीही बोला. ते आज स्वतःच्या ग्रँटवर उभे आहेत का, यावरून खूप काही कळतं.

अर्जातली नेहमीची चूक म्हणजे दुसरं उद्दिष्ट पहिल्याच्या यशावर टांगणं. पहिला प्रयोग फसला की सगळंच कोसळतं, आणि परीक्षकांना ते लगेच दिसतं. शिवाय के-ग्रँटमध्ये प्रयोगांइतकेच तुम्हीही तपासले जाता. "संख्याशास्त्र शिकेन" एवढं पुरत नाही. कोणता कोर्स, कोणाकडे, कोणत्या वर्षी, ते लिहा.

नकार आलाच, तर अभिप्राय मार्गदर्शकाबरोबर वाचा आणि प्रोग्राम ऑफिसरशी, म्हणजे निधी देणाऱ्या संस्थेत ती ग्रँट सांभाळणाऱ्या अधिकाऱ्याशी, बोला. एनआयएचमध्ये तोच अर्ज सुधारून ३७ महिन्यांच्या आत एकदा पुन्हा देता येतो. ही एकच संधी घाईत खर्चू नका: परीक्षकांना नवी प्राथमिक माहिती हवी असेल, तर ती हाती येईपर्यंत एखादी मुदत सोडून दिली तरी चालेल.