जुना रेसलर गेलेल्या रायव्हलबद्दल बोलतो तेव्हा ते कसं ऐकायचं, आणि मग ती मॅच कशी बघायची

रिटायर झालेला एखादा प्रो रेसलर (म्हणजे WWE सारख्या शोमधला) गेलेल्या रायव्हलबद्दल बोलायला लागतो, मध्येच हसतो, मध्येच त्याचा आवाज जड होतो, आणि ऐकणाऱ्यांपैकी कुणीतरी हमखास म्हणतं की अरे सगळं ठरवूनच असायचं ना, मग एवढं काय. ज्यांना हा प्रश्न पडतो त्यांच्यासाठी हे लिहितोय, आणि ज्यांना पडत नाही पण त्या आठवणी ऐकून जुनी मॅच नीट बघायचीय त्यांच्यासाठी तर नक्कीच.

एक गोष्ट डोक्यात पक्की करून मगच सुरुवात करा. निकाल ठरलेला असतो पण पडणं खरं असतं. समोरचा तुम्हाला उचलून आपटतो तेव्हा तुमची मान, तुमची पाठ, तुमचे दात सगळं त्याच्या हातात असतं, आणि पुढच्या मिनिटाला त्याचं तुमच्या हातात. म्हणजे ज्याला पब्लिक दुश्मन समजत होती तोच तुम्हाला रोज रात्री धडधाकट घरी पाठवत होता. आठवणी ऐकताना हेच शोधायचं, कोणी कोणाला कसं सांभाळलं, बाकी बेल्ट म्हणजे चॅम्पियनशिप कोणाकडे होती वगैरे कुठेही वाचायला मिळतं.

आता पद्धत. इंटरव्ह्यू आधी ऐकू नका. आधी मॅच बघा, कॉमेंट्रीसकट, साध्या फॅनसारखी. मग इंटरव्ह्यू. मग तीच मॅच परत, पण आवाज बंद करून. हा क्रम उलटा केला तर तुम्ही फक्त रेसलरने सांगितलेल्या जागा शोधत बसता आणि मॅच अंगावर येतच नाही.

उदाहरण घेऊया रिकी स्टीमबोट आणि रँडी सॅव्हेजचं, कारण शिकायला याहून चांगली जोडी मला माहीत नाही. 29 मार्च 1987, रेसलमेनिया 3 (WWF म्हणजे आजच्या WWE चा मोठा शो), मिशिगनमधलं पॉन्टिॲक सिल्व्हरडोम, इंटरकॉन्टिनेन्टल बेल्ट. आधीची स्टोरी अशी की 1986 च्या शेवटी सॅव्हेजने रिंगची बेल घेऊन स्टीमबोटचा गळा चेचलेला आणि स्टीमबोट काही काळ गायब होता. त्या रात्री मेन इव्हेंट हल्क होगन आणि आंद्रे द जायंटचा होता, पोस्टरवर तेच दोघं, पण आज लोक रेसलिंग म्हणून काय दाखवतात तर ही जेमतेम पंधरा मिनिटांची मॅच.

सॅव्हेज 20 मे 2011 ला गेला, फ्लोरिडात गाडी चालवताना हार्ट अटॅक आला, वय फक्त 58. स्टीमबोटने या मॅचबद्दल इंटरव्ह्यूमध्ये बऱ्याचदा सांगितलंय आणि त्यातली सगळ्यात भारी गोष्ट म्हणजे तयारीची. सॅव्हेजला सगळं आधी लिहून हवं असायचं. पिवळ्या कागदाच्या पॅडवर पूर्ण मॅच, एकेक स्टेपला नंबर, आणि मग दोघं एकमेकांची परीक्षा घ्यायचे, एकाने नंबर सांगायचा आणि दुसऱ्याने तिथून पुढे काय काय होतं ते तोंडपाठ म्हणून दाखवायचं. स्टीमबोट मुळात असा नव्हताच. त्याची सवय म्हणजे रिंगमध्ये उतरायचं, पब्लिकचा आवाज ऐकायचा आणि तिथल्या तिथे समोरच्याच्या कानात पुढचा मूव्ह सांगायचा. म्हणजे बघा, पूर्ण उलट स्वभावाचा माणूस, आणि तरी त्याने सॅव्हेजच्या पद्धतीने सगळं पाठ केलं. मला यात मैत्रीपेक्षा मोठं काहीतरी दिसतं. गोड आठवण आहे म्हणजे दोघं रोज एकत्र जेवत असतील असं समजू नका, कधीकधी माणूस दुसऱ्याच्या कामावर जीव टाकतो आणि तेच आयुष्यभर पुरतं.

हे ऐकून झालं की आवाज बंद करून मॅच लावा. सुरुवातीला स्टीमबोट सॅव्हेजचा गळा दोन्ही हातांनी धरून त्याला उचलतो ती जागा बघा. गळ्याचा बदला आहे, पब्लिकला लगेच कळतं. मग सॅव्हेज परत परत स्टीमबोटच्या गळ्याकडे जातो, आणि इथे नजर मारणाऱ्यावर ठेवू नका, मार खाणाऱ्यावर ठेवा. स्टीमबोट ज्या पद्धतीने गळा धरून कोसळतो त्याने सॅव्हेज राक्षस वाटायला लागतो. याला सेल करणं म्हणतात आणि रायव्हलला दिलेली ही सगळ्यात मोठी भेट असते. उलट बाजूनेही बघा, स्टीमबोट आर्म ड्रॅग मारतो, म्हणजे हात धरून पलटी देतो, तेव्हा सॅव्हेज स्वतः उडतो, पूर्ण अंग झोकून देतो, नाहीतर तो मूव्ह अर्धाही सुंदर दिसला नसता.

मधल्या भागात टू काउंटवर सुटणारे पिन येतात (खांदे तीन मोजेपर्यंत मॅटवर टेकवून ठेवले की मॅच जिंकली, इथे दोनवरच सुटतात), एकामागून एक, श्वास घ्यायला जागा नाही. प्रत्येक पिनला खांदा किती उशिरा वर येतो ते बघा. एवढ्या वेगात एकही गोंधळ होत नाही तेव्हा तो पिवळा पॅड आठवा, मग तुम्हाला कळेल की स्टीमबोट त्या पॅडबद्दल एवढ्या प्रेमाने का सांगतो. शेवट तर माहीत असेलच, रेफरी पडलेला, सॅव्हेज बेल घेऊन रिंगच्या कोपऱ्यातल्या टर्नबकलवर चढतो, स्टीमबोटच्या बाजूने आलेला रेसलर जॉर्ज 'द ॲनिमल' स्टील त्याला ढकलतो, सॅव्हेज उठून स्टीमबोटला उचलायला जातो आणि स्टीमबोट त्याला तिथेच स्मॉल पॅकेज नावाच्या पिनमध्ये गुंडाळतो, वन टू थ्री. सॅव्हेजकडे तो बेल्ट फेब्रुवारी 1986 पासून होता, वर्षाच्या वर, आणि हरताना त्याने काहीही हातचं राखलं नाही. स्टीमबोटकडे बेल्ट जूनपर्यंतच टिकला, पण त्याने या मॅचचं काही कमी होत नाही.

आता ऐकताना काय मनावर घ्यायचं आणि काय नाही. आकडे मनावर घेऊ नका. त्याच शोला 93,173 लोक आले होते असं कंपनीने जाहीर केलं, पण आकडा खरा किती यावर अजून वाद चालू आहे. जुने रेसलर जे आकडे, जे दिवस सांगतात ते वर्षानुवर्षं सांगून सांगून वाढत जातात, त्यात खोटारडेपणा नसतो, गोष्ट सांगायची सवयच असते. पण शरीराबद्दल बोलतात ते लक्ष देऊन ऐका. कुठला खांदा दुखत होता, कोणी कुठली बाजू सांभाळून घेतली, कोण कुठे पडलं, हे सहसा पक्कं असतं आणि टेपवर चेकही करता येतं.

इंटरव्ह्यू कधीचा आहे तेही बघा. ऐंशीच्या दशकात केफेब म्हणजे सगळं खरंच आहे असं दाखवणं कडक पाळायचे, फेस (हिरो) आणि हील (व्हिलन) एकत्र फिरताना दिसायचेच नाहीत. 1987 मध्येच जिम डगन आणि आयर्न शीक, टीव्हीवर एकमेकांचे दुश्मन, न्यू जर्सीत एका गाडीत पोलिसांना सापडले, गाडीत ड्रग्जही निघाले, आणि दोघांची नोकरी गेली. लोकांना धक्का ड्रग्जपेक्षा दोघं एका गाडीत कसे याचाच जास्त बसला होता. त्यामुळे त्या काळात कोणी रायव्हलबद्दल वाईट बोलत असेल तर तो कामावर आहे असं समजा. रायव्हल गेल्यानंतर लगेचचं बोलणं अस्ताव्यस्त असतं, गोष्टी अर्ध्या राहतात, आणि मला तेच सगळ्यात जवळचं वाटतं. दहा वर्षांनंतरचं बोलणं जास्त नीटनेटकं असतं. दोन्ही ऐका.

हे जमलं की पुढची जोडी घ्या, ब्रेट हार्ट आणि मिस्टर परफेक्ट म्हणजे कर्ट हेनिग. हेनिग 10 फेब्रुवारी 2003 ला गेला. ब्रेट त्याच्याबद्दल नेहमी आदराने बोलतो आणि त्यात समरस्लॅम या शोची गोष्ट असतेच. 26 ऑगस्ट 1991, मॅडिसन स्क्वेअर गार्डन, ब्रेटचे आईवडील प्रेक्षकांत बसलेले, आणि हेनिगच्या पाठीची अवस्था वाईट. तो नाही म्हणू शकला असता. त्याऐवजी येऊन त्याने ब्रेटला पहिला इंटरकॉन्टिनेन्टल बेल्ट जिंकून दिला आणि नंतर वर्षभराहून जास्त काळ मॅचेसपासून लांब राहिला. आता आवाज बंद करून बघा, पाठ दुखणारा माणूस प्रत्येक वेळी पाठीवरच पडतोय. शेवटी ब्रेट खाली पडलेला असताना परफेक्टचा पाय पकडून तिथूनच शार्पशूटर लावतो, पाय अडकवून उलटं वळवायच्या या होल्डमध्ये सगळा ताण पाठीवर येतो, आणि परफेक्ट जवळजवळ लगेच हार मानतो. पाठीचं माहीत नसेल तर फिनिश घाईत झाल्यासारखा वाटतो. माहीत असेल तर त्या दोन सेकंदांकडे तुम्ही वेगळ्याच नजरेने बघता.

हे कोणासोबत बघायचं असेल, खासकरून ज्याला रेसलिंगची आवड नाही त्याच्यासोबत, तर आधीच भाषण देऊ नका. पाठीची किंवा पिवळ्या पॅडची एकच गोष्ट सांगा आणि मॅच लावा. कोणावर काही लिहिणार असाल तर तो कसा गेला यावर पहिलीच ओळ खर्च करू नका, त्या पिढीतले खूप जण लवकर गेले आणि सगळ्यांची ओळख मरणावरूनच होते हे मला फार लागतं. मॅचचं नाव लिहा, तारीख लिहा, कुठल्या मिनिटाला काय बघायचं ते लिहा, वाचणारा जाऊन बघेल.

हेनिगसाठी अजून एक, 13 जून 1993, किंग ऑफ द रिंग टूर्नामेंट, ओहायोतलं डेटन. इथे दोघंही फेस आहेत, दुश्मनीचं नाटकही नाही, फक्त दोन कसलेले लोक एकमेकांना ओळखून खेळतायत. ब्रेटच्या त्या एका रात्रीत तीन मॅचेस होत्या, रेझर रमोन, मग परफेक्ट, मग बॅम बॅम बिगेलो, आणि आज त्या तिघांपैकी कोणीच नाही. तिन्ही सलग बघा, वेळ नसेल तर मधली बघा, आणि पिन होतो तिथे लगेच बंद करू नका, नंतर दोघं समोरासमोर येतात तोपर्यंत थांबा.